हिरडीचं कलम लागतं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई. मी वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३७. आमची संत्र्याची बाग आहे आणि घरचे थोडी कलमंही तयार करतात. वर्षभरापासून माझ्या खालच्या समोरच्या एका दाताची हिरडी खाली खाली चालली आहे. आता ज्वारीच्या दाण्याएवढं मूळ उघडं दिसतं. माठातलं पाणी प्यायलं तरी कळ डोक्यात जाते. संत्र्याची फोड तर त्या दातापाशी नेताच येत नाही. तालुक्याच्या गावी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, टाळूची कातडी काढून हिरडीला लावावी लागेल. एवढंच सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "म्हातारपण आलं का सगळ्याइच्याच हिरड्या खाली जाते. त्याच्यासाठी टाळू कापतेत का कोणी?" आमचे हे म्हणाले, "टाळू कापल्यावर बोलता येईन का तुले?" आठवडी बाजारात एक जण हिरडी वाढवायचं तेल विकतो, ते दोन महिने लावलं, फरक नाही. मी दात घासण्यात कधी आळस केला नाही. सकाळ-संध्याकाळ कडक ब्रशनं घासते, वरून लाल मंजन लावते. मग असं का झालं? माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचीही खालच्या एका दाताची हिरडी जरा उतरल्यासारखी वाटते. तिचंही टाळू कापावं लागेल का? सोबत दोघींचे फोटो पाठवले आहेत. नाव छापू नका.

उत्तर : ताई, 'दात घासण्यात कधी आळस केला नाही' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. हिरडी का गेली याचं उत्तर त्यातच आहे, म्हणून सांगताना जिवावर येतं. कडक ब्रश, आडवा हात आणि वरून लाल मंजन. अशा मंजनात बहुधा गेरू असतो, म्हणजे मातीच. पातळ हिरडीवर रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं माती घासली तर ती झिजणारच. खालच्या समोरच्या दातांची बाहेरची हिरडी मुळातच नाजूक असते. तिच्यामागचं हाड कांद्याच्या पापुद्र्यासारखं, काहींना तर त्या जागी हाड नसतंच. तुमच्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या ओठाला हिरडीशी जोडणारी मांसाची बारीक दोरी असते. ती तुमच्या त्या दाताच्या पार काठापाशी येऊन चिकटली आहे. तुम्ही बोलता, हसता, पाणी पिता, तेव्हा दर वेळी ती हिरडीला खाली ओढते. तेव्हा सगळा दोष ब्रशचाही नाही, आणि तुमचा तर अजिबात नाही. घासून घासून दात स्वच्छ होतात असंच आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं.

मलाही तेच सांगितलं होतं. माझ्या वरच्या डाव्या सुळ्याची हिरडी मी अशीच घालवली. उजव्या हातानं घासणाऱ्याचा जोर डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दाढेवर जास्त पडतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये मी पहिल्यांदा तीच जागा बघते. हिरड्यांचं शिक्षण घेत असतानाच मी तिथे कलम करून घेतलं. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे, त्यातलं अर्धं माझ्या हातांनी शिकलेलं आहे आणि अर्धं माझ्या टाळूनं.

आधी कळ का येते ते सांगते. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं टणक कवच असतं. मुळावर ते नसतं. मुळाचं रक्षण हिरडीनंच करायचं असतं. हिरडी उतरली की आतला मऊ भाग उघडा पडतो. त्याच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्या थेट दाताच्या नसेकडे जातात. थंड पाणी लागलं की नळ्यांमधला द्रव हलतो आणि कळ उठते. संत्र्याच्या आंबटपणानं नळ्यांची तोंडं आणखी मोकळी होतात. उघड्या मुळाला कीडही लवकर लागते, कारण ते इनॅमलइतकं कठीण नाही. पण एक भीती आजच मनातून काढून टाका. हिरडी उतरली म्हणून दात पडत नाही. तुमचा दात हलत नाही, हिरडीतून रक्त-पू येत नाही. असा दात वर्षानुवर्षं टिकतो.

बाजारातलं तेल बंद करा. एकदा मुळावरून उतरलेली हिरडी कुठल्याही तेलानं, मलमानं, मंजनानं किंवा चोळण्यानं परत वर येत नाही. चोळल्यानं तर आणखी उतरते. हे तेल विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कारण दोन महिने तेल लावून फरक पडला नाही की बाई म्हणते, आता काही होत नाही. आणि मग पुढची पाच वर्षं ती कोणाकडेच जात नाही.

आता कलमाचं. उतरलेल्या प्रत्येक हिरडीला कलम लागतं असं नाही. हिरडी जागच्या जागी थांबली असेल, कळ सोसण्याइतकी असेल आणि जागा स्वच्छ ठेवता येत असेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. मऊ ब्रश, पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट आणि दवाखान्यात मुळावर लावलेला फ्लोराइडचा लेप, एवढ्यावर कळ कमी झालेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. तुमचं जरा वेगळं आहे. वर्षभरात हिरडी सरकतच गेली आहे, ओठाची दोरी ओढतेच आहे, आणि त्या दाताखाली घट्ट हिरडी जवळजवळ उरलेलीच नाही. ओठाच्या आतलं सैल, लालसर कातडं थेट मुळाला भिडलं आहे. तिथे ब्रश लागला की दुखतं, दुखतं म्हणून जागा नीट घासली जात नाही, घासली जात नाही म्हणून सुजते, आणि सुजली की हिरडी आणखी उतरते. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला चुकीचा वाटत नाही. त्यांनी बसवून समजावून सांगायला हवं होतं, ते मात्र राहिलं.

तुमच्या फोटोतली एक गोष्ट पाहून मला फार बरं वाटलं. दोन दातांच्या मधली टोकदार हिरडी तुमची शाबूत आहे. कलमाचं यश बरंचसं तिथे ठरतं. मधली हिरडी आणि तिच्याखालचं हाड जागेवर असेल तर उघडं मूळ पुरतं झाकलं जाण्याची आशा चांगली असते. मधलं हाडच गेलं असेल तर थोडं झाकतं किंवा झाकतच नाही. नुसत्या फोटोवरून पक्का शब्द देता येत नाही. डॉक्टर खुणांची बारीक सळई घालून मिलिमीटरमध्ये मोजतील, एक्स-रे काढतील, मग सांगतील.

कलम म्हणजे काय हे तुमच्या घरी मी काय सांगू? भाऊजी जंबेरीच्या रोपाची साल कापून तिच्यात संत्र्याचा डोळा बसवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. पट्टी लवकर सुटली किंवा डोळा आत हलला की तो काळा पडतो. हिरडीचं अगदी तसंच आहे. पहिले दोन-तीन दिवस लावलेल्या तुकड्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवावर तो जगतो. मग खालून केसाहून बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात आणि कलम लागतं. या दिवसांत तुकडा हलला तर या वाहिन्या तुटतात. फरक एवढाच की संत्र्यात झाड एकाचं आणि डोळा दुसऱ्याचा असतो. इथे दोन्ही तुमचंच, त्यामुळे शरीर ते नाकारत नाही.

यात मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्यात टाळूचा वरच्या कातडीसकट पातळ तुकडा घेऊन हिरडीच्या जागी शिवतात. ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. घट्ट, जाड हिरडी तयार करायला आणि ओठाची ओढ तोडायला ती आजही उत्तम. पण टाळूवरची जखम उघडी राहते, आणि लावलेला तुकडा टाळूचाच फिका रंग धरून बसतो, लुगड्याला वेगळ्या रंगाचं ठिगळ लावल्यासारखा. दुसऱ्यात टाळूची कातडी झाकणासारखी उघडून फक्त आतला थर काढतात आणि झाकण परत शिवून टाकतात. तो थर मुळावर ठेवून वरून तुमचीच हिरडी ओढून घेतात. १९८५ मध्ये लँगर यांनी ही पद्धत मांडली, आणि मूळ झाकायला सहसा हीच निवडतात. रंग जुळतो, टाळूही लवकर भरतं. माझ्या सुळ्याला हीच केली होती. तुमच्या खालच्या दाताला, ती दोरी आणि तिथली उथळ जागा पाहता, पहिली जास्त योग्य ठरू शकते. खालचा ओठ तो रंग झाकूनच ठेवतो, त्यामुळे ठिगळाची काळजी करू नका. टाळूला हात न लावता तयार कोलॅजनचा पडदा वापरायची सोयही आहे. पण तो महाग पडतो, आणि खालच्या पातळ हिरडीला मला स्वतःच्या टाळूइतका भरवसा दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर : बोलता येतं. तुकडा टाळूच्या पुढच्या कडक भागातून घेतात, सुळ्यापासून दाढेपर्यंतच्या बाजूनं. बोलताना हलणारं मऊ टाळू घशाकडे असतं, त्याला कोणी हात लावत नाही. चव मुख्यतः जिभेची, ती कुठे जात नाही. तुकडाही केवढा, तर जाडी साधारण रुपयाच्या नाण्याएवढी आणि लांबी नखाएवढी. भूल फक्त त्या जागेपुरती देतात. तुम्ही जाग्या असता. तास-दीड तास लागतो.

पहिले तीन दिवस त्रासाचे असतात, हे लपवत नाही. मला हिरडी फारशी दुखली नाही, टाळू दुखलं. गरम चहा प्यायल्यावर टाळू भाजतं तसं, पण दिवसभर. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी वाफाळत्या वरणाचा घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा आठवडाभर सगळं कोमट आणि मऊ खायचं. मऊ भात-वरण, ज्वारीच्या कण्या, दही, केळं, गार दुधात भिजवलेली पोळी. भाकरीचा कडक पापुद्रा, ठेचा, तर्री, चिवडा नाही. संत्रंही नाही, बागेत ढीग पडला असला तरी. टाळूतून रक्त आलं तर स्वच्छ ओला गॉज पंधरा-वीस मिनिटं घट्ट दाबून धरायचा. सारखं थुंकायचं नाही, थुंकल्यानं रक्त जास्त येतं. टाळूवर बसणारी प्लॅस्टिकची पातळ झाकणी आधीच बनवून मिळते, ती नक्की मागा. माझ्या वेळी ती नव्हती. आता मी प्रत्येकीला देते, आणि त्यांचे पहिले दिवस माझ्यापेक्षा पुष्कळ सोपे जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओठ खाली ओढून आरशात बघायचं नाही. शेजारणीला दाखवायचंही नाही. माझ्या हातची जी थोडी कलमं फसली, त्यातली निम्मी तरी या बघण्यानं फसली. बाई सांगते, "लय पांढरं पडलं होतं, म्हणून ओढून पाह्यलं." पहिल्या दिवसांत तुकडा पांढरट दिसतोच. वरचा पापुद्रा सुटून येतो, खालचा जिवंत असतो. आठवड्यानं तो लालसर होतो. कलमाच्या पट्टीखाली काय चाललंय ते भाऊजी रोज उघडून पाहतात का?

दोन आठवडे त्या जागेवर ब्रश लावायचा नाही. क्लोरहेक्सिडीनच्या औषधानं सकाळ-संध्याकाळ चूळ भरायची. दातांवर तपकिरी डाग पडतील, ते नंतर दवाखान्यात निघतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. क्रेट उचलायचं, वाकून करायचं जड काम आठवडाभर बंद. म्हणून आंबिया बहाराची तोडणी आटोपली की मगच तारीख घ्या. हिरडीला पक्का आकार यायला तीनेक महिने लागतात. कधी कधी त्यानंतरही वर्षभरात ती मिलिमीटरभर आपोआप वर सरकते. माझी सरकली. अशी सरकलेली पहिली हिरडी पाहिली तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

पण कलमाआधी दोन महिने एक काम करा. डिंक्या लागलेल्या झाडावर तुम्ही आधी साल खरवडून बोर्डोपेस्ट लावता, मग बाकीचं बघता. इथेही कारण आधी थांबायला हवं. दातांवरचं कीटण काढून घ्या, लाल मंजन सोडा, अगदी मऊ ब्रश आणा. तो मुठीत धरू नका, पेनासारखा बोटांत धरा. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे तिरपा टेकवून जागच्या जागी लहान लहान गोल फिरवा. आडवा करवतीसारखा हात पुन्हा नको. जुनाच हात राहिला तर नवी हिरडीही तीच वाट धरेल. या दोन महिन्यांनी परत मोजा. हिरडी थांबलेली दिसली आणि कळही गेली, तर कलम पुढे ढकलता येईल.

खर्च खासगी दवाखान्यात एका दाताला काही हजारांत जातो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे तो बराच कमी पडतो. अमरावतीला आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेलाही दंत महाविद्यालयं आहेत. चकरा होतात हे मला माहीत आहे. तपासणी, कलम, टाके आणि नंतरची एक भेट, अशा किमान चार. पहिल्या भेटीतच चारही तारखा ठरवून मागा.

मुलीला सध्या काही कापायचं नाही. फोटोत तिचा तो दात ओळीच्या थोडा बाहेर आलेला दिसतो, म्हणून त्याची हिरडी खाली वाटते. या वयात जबडा वाढत असतो. जागा स्वच्छ ठेवली आणि घासणं सुधारलं तर अशी हिरडी बरेचदा आपोआप सुधारते. दर सहा महिन्यांनी एकदा मोजून घ्या. पुढे दात सरळ करायला तार लावायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना ही हिरडी आधीच दाखवा. दात बाहेरच्या बाजूला सरकवताना पातळ हिरडी आणखी उतरू शकते.

आणि सासूबाईंना सांगा, हिरड्या नुसत्या वयानं जात नाहीत. वर्षानुवर्षांचं कीटण, मिश्री, तंबाखू, जोराचं घासणं हे सगळं वयाबरोबर साठत जातं, म्हणून म्हातारपणी दिसतं. त्या मिश्री लावत असतील तर त्यांनाही तुमच्याबरोबर तपासणीला आणा. मिश्री दाबून ठेवायची जागा मला बघायची आहे.

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यातला निवृत्त शिक्षक, वय ६१. मधुमेह आहे. दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे होतात. खालचे सगळे दात लांब दिसू लागलेत, दोन हलतात. मुलानं मोबाइलवर हिरडीच्या कलमाचं पाहिलं. मला करता येईल का? हल्ली तिखटही फार झोंबतं.

उत्तर : गुरुजी, आत्ता नाही. तुमच्या हिरड्या खालच्या हाडासकट गेल्या आहेत, म्हणूनच दात हलतात. जिथे हाड नाही तिथे कलमाला आधार मिळत नाही. शिवाय तंबाखूनं रक्तवाहिन्या आखडतात, मग लावलेला तुकडा उपाशी मरतो. आधी तीन महिन्यांची साखर तपासा, हिरड्यांखालची खोल सफाई करून घ्या, आणि खर्रा सोडा.

पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यानं मला हिरडीपेक्षा जास्त काळजी वाटते आहे. खर्रा खाणाऱ्याला तिखट झोंबू लागणं साधं नसतं. आजच आरशापुढे उभे राहा आणि तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का ते पाहा. गालाच्या आत पांढरट पट्टे किंवा ताठपणा लागतो का तेही बोटानं चाचपा. बोटं अडली, किंवा कुठे दोन आठवडे न भरलेली जखम सापडली, तर हिरड्यांचं राहू द्या. याच आठवड्यात यवतमाळला किंवा नागपूरला मेडिकलमध्ये तोंड दाखवा. मुलाला सोबत न्या.